सावडीचा भागाकार

कोंभाळवाडीतल्या बायका आता बांगड्यांच्या आधी मोजकडं चढवत. बोटभर रुंदीचं ते राखाडी कडं माणूस किती तास राबला ते मोजायचं, त्या तासांत किती काम उरकलं ते ताडून बघायचं आणि वाडीचा 'श्रमांक' शहरातल्या कचेरीला कळवायचं. शहराचा श्रमांक नऊशेच्या घरात, वाडीचा कसाबसा एकेचाळीस. चाळीसच्या खाली घसरलं की गावची सरकारी सोय उचलून शहराला द्यायची, असा नियम. रस्ता सोडला तर वाडीत सोय होती एकच, बाळंतपणाची खोली. सून सुगंधाला नववा लागल्यापासून भीमाबाई लोहकरेंचा जीव त्या खोलीत अडकला होता.

नेमका त्याच आठवड्यात देवराम घोडेचा पाय मोडला आणि त्याची भातलावणी खोळंबली. मग सावड आलीच. अडलेल्याच्या शेतात सगळ्यांनी बिनमजुरीचं राबायचं, ही वाडीची रीत. भीमाबाईंनी घरोघर बजावलं की कडी काढू नका, इतकी माणसं राबताना दिसली की अंक चढेल. चार जणांपुरत्या खाचरात चाळीस जण उतरले, अगदी म्हातारीकोतारीसुद्धा. भीमाबाई स्वतःच्या हुशारीवर भलत्याच खूश होत्या.

तिसऱ्या दिवशी खोलीवरच्या नर्स वंदनाताईंनी आकडा सांगितला. एकोणचाळीस.

"आसं कसं व्हईल? आमी तं जास्तीच राबलो," भीमाबाई म्हणाल्या.

"तेच नडलं, मावशी. लावणी तेवढीच आणि तास चाळीस जणांचे. यंत्र भागाकार करतं. कडी घरी ठेवून गेला असतात तर वाचला असतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आला आणि खाट, यंत्रं, वंदनाताई, सगळं घेऊन गेला. भीमाबाईंना कुणी शब्दाने बोललं नाही, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

दुपारी सुगंधाला कळा सुरू झाल्या. गाडी मिळायची ती घाट उतरून, दोन तासांच्या वाटेवर. न बोलावता आठ जणी घोंगडीची डोली घेऊन दारात आल्या.

"आधी कडी काढा," भीमाबाई म्हणाल्या. "आठ जणी एकीला नेताय. याचाबी भागाकार व्हईल."

उंबऱ्यावर नऊ कडी पडली. डोली उचलताना भीमाबाईंनी मागे वळून पाहिलं. घराघरातून माणसं बाहेर येत होती, मनगटं मोकळी करत वाटेला लागत होती. आता कचेरीतल्या पडद्यावर वाडीत एकही माणूस दिसणार नव्हता. जिथे माणूसच नाही, तिथला रस्ता तरी सगळे परतेपर्यंत कचेरीवाले ठेवतील का?