तीन ठोके

पहिला अहवाल म्हणतो : ‘मृत गवंडी अल्गिस याने टेकू न लावता लिंटेलवरील विटा काढल्या. टेकू जागेवर उपलब्ध होते. दोष सर्वस्वी त्याचा.’

वाक्यरचना निर्दोष आहे. उणीव फक्त सत्याची.

अल्गिस माझा धाकटा भाऊ. मी जन्मभर जुने दस्तऐवज तपासत आले आहे. त्याच काटेकोरपणाने पुढचा शब्दन् शब्द लिहीत आहे.

शिकागोतील विटांची जुनी इमारत. तिसरा मजला. खिडकीवरचे लोखंडी लिंटेल, म्हणजे वरची भिंत पेलणारी आडवी तुळई, गंजून फुगले होते, वरच्या विटा उचलल्या गेल्या होत्या. असे लिंटेल बदलताना वरची भिंत आधी टेकूंवर तोलतात. अहवालाच्या छायाचित्रात ढिगारा आहे, परांची आहे, माझ्या भावाचा बूट आहे.

टेकू एकही नाही.

मुकादम ब्रोन्यूसने मात्र शपथेवर सांगितले होते, टेकू होते. फेरसुनावणी तीन दिवसांवर आली होती. त्यानंतर दोष अल्गिसच्या नावावर कायमचा. आणि माझ्या हाती दुसरे काहीच नव्हते.

जून महिना. दुपारचे चार, अपघाताची वेळ. मी त्या खिडकीपाशी बसले. भिंत नव्याने बांधलेली, परांची केव्हाच उतरवलेली.

आणि...

टण्. टण्. टण्.

लोखंडावर लोखंड. बाहेरून.

“वाफेची नळी आहे गं,” त्या घरातल्या भाडेकरू ओनाआजी सूप ढवळत म्हणाल्या. “मेली माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त बोलते.”

मी नळीला हात लावला... थंडगार. घर तापवणारा बॉयलर मे महिन्यातच बंद झाला होता.

खिडकी उघडली. बाहेर नुसती हवा. चौकटीवर मात्र विटांची ताजी धूळ.

आमच्या गवंड्यांत परांचीच्या पाइपावर एक ठोका म्हणजे कालवलेला माल पाठवा. दोन म्हणजे विटा.

तीन म्हणजे टेकू.

दुसऱ्या दिवशी मी ब्रोन्यूसला बोलावले. चौकट ओलावली आहे, एवढेच कळवले.

“पुस्तकं वाचून भिंत कळत नाही, बाईसाहेब,” तो हसत आत आला.

चार वाजले.

टण्. टण्. टण्.

तो जमिनीवरच बसला. पुढे तो जे बोलला, ते मी ओनाआजींच्या साक्षीने उतरवून घेतले. त्यावर अहवाल बदलला.

ठोके थांबलेले नाहीत. एक शब्द उच्चारला, तर थांबतील. पण नवे लिंटेलही ब्रोन्यूसनेच बसवले आहे, आणि ओनाआजी रोज त्याच खिडकीखाली जेवतात. मी तो शब्द उच्चारत नाही.

ब्रोन्यूसची कबुली, शब्दशः :

“टेकू दुसऱ्या कामावर होते. मीच त्याला म्हटलं, विटा काढायला लाग, टेकू येताहेत. त्यानं तीनदा ठोकलं. मी खालून ओरडलो, आणतो, तोवर खांद्यावर तोलून धर, मी सांगेपर्यंत हलू नकोस. मग मी कॉफी प्यायला गेलो. ‘सोड’ असं त्याला अजून कुणी म्हटलेलं नाही.”