मंगळाचं घड्याळ

ती तारांगणात मुलांना ग्रहताऱ्यांची माहिती सांगायची आणि तो घड्याळजी. पहिल्याच भेटीत तिने त्याला चक्रावून सोडलं.

“हे भिंतीवरचं घड्याळ रोज चाळीस मिनिटं मागे पडलं पाहिजे.”

“लोक मागे पडतं म्हणून दुरुस्तीला आणतात... तुम्ही मुद्दाम बिघडवून मागताय!”

“मंगळावरचा दिवस तेवढा मोठा असतो.”

“अस्सं! म्हणजे तिथल्या बायकांना नटायला चाळीस मिनिटं जास्त—”

“आणि पुरुषांना फुशारक्या मारायला.”

तो शिडीवरून पडता पडता वाचला. ती मात्र प्रेमात पडलीच.

घड्याळाला तेल घालायच्या निमित्ताने तो वरचेवर येऊ लागला. एकदा त्याने वय विचारलं.

“बुधाचं वर्ष अठ्ठ्याऐंशी दिवसांचं. त्या हिशेबाने शंभरीला टेकलेय.”

“शंभरीची म्हातारी एवढी गोड हसते?” त्याने तिच्या केसांत अडकलेला कागदाचा कपटा हळूच काढला, आणि तिला पुढचं काही सुचेना...

एका संध्याकाळी तिने विचारलंच, “घरी कधी बोलतोस?”

त्याने मंगळाचं घड्याळ उतरवलं, मागे काहीतरी फिरवलं आणि मनगटावरच्या घड्याळाशी जुळवलं. “ही दोन्ही पुन्हा जुळतील, त्या दिवशी तुझ्या आईसमोर उभा राहीन.”

रोजची चाळीस मिनिटं, म्हणजे अठरा दिवसांत बारा तास, की काटे पुन्हा एकाच जागी! घरी जाऊन तिने आईला तारीखच सांगून टाकली.

मग ती बहिणीच्या बाळंतपणाला गेली. नवव्या दिवशी परतून पाहते तो काय, काटे सहा तास मागे हवे होते, होते तीनच. या चालीने घड्याळं जुळायला छत्तीस दिवस लागणार होते. त्याच्या हातून मिनिटाचीही चूक होत नसे.

ती तडक दुकानात गेली. “जास्तीचे दिवस कशाला हवे होते?”

त्याने डोळ्याला लावलेलं भिंग काढलं नाही. “लग्न आहे... माझं. तिसाव्या दिवशी. घरच्यांनी दुसरीकडे शब्द दिलाय. तुला सांगायची हिंमतच होईना.”

“म्हणून घड्याळाला खोटं बोलायला लावलंस?”

तिला त्याचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

“उद्या येऊन नीट करून जा. पोरांना मी चुकीची वेळ दाखवणार नाही.”

तो आला, मान खाली घालून घड्याळाची चाल पूर्ववत करून, काटे जागेवर आणून गेला.

अठराव्या दिवशी मंगळाचं घड्याळ पृथ्वीच्या वेळेशी जुळलं. घरी आई नवी चादर घालून, कपबशा पुसून पाहुण्याची वाट बघत बसली होती. तो येणार नाही हे तिला सांगायची हिंमत लेकीलाही झाली नव्हती.