लाल गाडी गप्प का?

मैत्रीला एका जागी बसवत नव्हतं. पार्कमध्ये बाहेरचं खायला मनाई, म्हणून डब्लिनहून आलेल्या मराठी मंडळींनी पार्किंगमध्येच, कुंपणाला टेकून डबे उघडले होते. कुंपणापलीकडे जुना लाकडी रोलर कोस्टर. शेजारी-शेजारी दोन रूळ. एकावर लाल गाडी, दुसऱ्यावर निळी. दोघींची शर्यत.

टक टक टक टक.

चंद्रशेखरकाका हातातला घास तसाच धरून समजावत होते. गाडी साखळीने चढते; साखळी तुटलीच, तर ती मागे घसरू नये म्हणून खाली लोखंडी खटके असतात. ते रुळांमधल्या दात्यांवर पडतात, त्यांचाच हा आवाज.

निळी शिखर ओलांडून गेली.

टकटक थांबली.

लाल अजून चढतच होती.

मैत्रीने शेजारी बसलेल्या मित्राचा, संग्रामचा, शर्ट ओढला. दोघांनी पुढची फेरी कान देऊन ऐकली. तेच.

"काका, लाल गाडीचे खटके वाजत नाहीयेत."

नवीन ग्रीस घातलं असेल, असं म्हणत काकांनी लोणचं मागितलं.

लोणचं राहिलं. मैत्रीचा धाकटा भाऊ अनुप या वर्षी एकदाचा उंचीच्या पट्टीला टेकला होता, आणि बाबांबरोबर रांगेत उभा होता. लालच्याच!

पळ. गेटवर हातावरचा शिक्का दाखव. पळ.

फलाटावरच्या सुपरवायझरने अर्धंच ऐकलं. गाडी शांत चालतेय तर बरंच की, म्हणाला. अनुप आणि बाबा पुढच्या सीटवर बसलेसुद्धा.

"यार, आता?" संग्राम कुजबुजला.

मागची सीट रिकामी होती. मैत्रीने त्याला आत ढकललं, स्वतः बसली आणि गुडघे वर घेतले. मांडीवरचा सुरक्षेचा बार खाली येईना. बार बसल्याशिवाय गाडी सुटत नाही.

"मला भीती वाटतेय," ती म्हणाली.

"मग उतर," सुपरवायझर म्हणाला.

"उतरायचीही भीती वाटतेय. मेकॅनिक आला की उतरते."

रांग ओरडायला लागली. बाबांनी मान खाली घातली. अनुपच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताई, यू रुइन एव्हरीथिंग!"

मैत्रीने ओठ चावला. गुडघे हलवले नाहीत.

शेवटी वैतागून सुपरवायझरने वॉकीटॉकी उचलला. मेकॅनिक बाई आल्या, सगळ्यांना उतरवून बॅटरी घेऊन गाडीखाली शिरल्या. बाहेर आल्या तेव्हा चेहरा उतरला होता. सकाळी साफसफाईसाठी खटके तारेने वर बांधले होते. ते सोडायचं कुणालाच आठवलं नव्हतं. सुपरवायझर बुटांकडे बघत राहिला. लाल गाडी दिवसभरासाठी बंद झाली.

काका धापा टाकत पोचले, तोवर बाबांनी मैत्रीला घट्ट जवळ घेतलं होतं.

"समजावत मी होतो," सगळं कळल्यावर काका म्हणाले, "पण ऐकत तू होतीस, पोरी."

निळी नीट तपासून झाली. तिच्यातल्या पहिल्या सीटवर अनुपला मानाने बसवलं, शेजारी मैत्री. गाडी एकटीच सुटली, कोसळली, वळली, परत आली. अनुपने दोन्ही मुठी उंचावल्या.

"ताई, वी वन!"

"हो. आणि शेवटचेही आपणच."