गरम पाणी, मग बर्फ

अंगणातला मेपल पिवळा पडला, की लोरेटा ह्यूडॅक माळ्यावरून बुटांचे खोके खाली काढायची. खोक्यांत पातळ कागदात गुंडाळलेली रबरी भुतं असत. अंगठ्याएवढी. कुणाला शिंगं, कुणाला वटवाघळाचे पंख, कुणाचं पोट फाटून आतून दुसरंच तोंड बाहेर आलेलं. हॅलोविन येईपर्यंत ती एकेक भूत पुसून, पावडर लावून पुढच्या खिडकीत मांडायची. शाळेत जाणारी पोरं काचेला नाक लावून उभी राहायची, आणि त्यांच्या श्वासाने धुरकटलेली काच लोरेटा मुद्दाम लगेच पुसत नसे.

ही भुतं क्लेबर्ग गावचीच. रबराचा कारखाना चालू होता तेव्हाची. ओहायोच्या त्या कोपऱ्यात तेव्हा वाळत घातलेल्या चादरीही संध्याकाळपर्यंत करड्या व्हायच्या आणि कुणी तक्रार करत नसे. चिमणीतून धूर येतोय म्हणजे घरात पाव येतोय. ऑक्टोबरात साच्यांच्या खात्यातली माणसं उरल्यासुरल्या रबरातून ही भुतं ओतायची. कामगारांच्या हॉलमध्ये मेजवानी व्हायची, आणि घरी जाताना प्रत्येक पोराच्या हातात तपकिरी कागदाची पिशवी. वर सफरचंद, मध्ये पाकात वळलेला मक्याच्या लाह्यांचा लाडू आणि तळाशी एक भूत. ते कसलं निघेल हे पिशवीत हात घालेपर्यंत कळायचं नाही. लोरेटाला अजून आठवायचं, लाडवाचा पाक भुताला चिकटलेला असायचा आणि आधी तो चाटून काढावा लागायचा.

कारखाना बंद पडला, चिमणी पाडली. भुतं तेवढी लोकांच्या खणांत राहिली, आणि वर्षानुवर्षं कात्र्या-किल्ल्यांखाली दबून वाकडी झाली. ती सरळ करायची रीत गावातल्या जमवणाऱ्या बायांना ठाऊक होती. पाणी उकळून खाली उतरवायचं, चिमट्यात भूत धरून बुडवायचं. रबर आपणहून हलतं, उलगडतं, साच्यातून निघालं होतं तसं होतं. की लगेच बर्फाच्या पाण्यात. मग ते जन्मभर तसंच. त्यात एकच नियम होता: अर्धवट उलगडलेलं बाहेर काढायचं नाही. अर्धवट गोठलं की ते कायमचं बिघडलं.

त्या वर्षी पहिलं बुडवलं ते एक कुबडं भूत होतं. कुणीतरी गराजात विकायला मांडलेल्या जुन्या सामानातून आणलेलं, डाव्या कानाची पाळी तुटलेली. टेबलापलीकडे चाकाच्या खुर्चीत एमिल बसला होता. तिचा नवरा. वसंतात त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात मुठीसारखा छातीशी आवळला गेला, तोंडाची उजवी बाजू ओघळली आणि सगळ्या बोलण्यातून एकच शब्द उरला.

“कॉफी घेणार?” लोरेटाने विचारलं.

“नको,” एमिल म्हणाला आणि चांगला हात कपाकडे पुढे केला.

आता त्यांचं असंच चालायचं. भूक लागली तरी नको, खिडकी उघडायची तरी नको. डॉक्टर म्हणाले होते, शब्दाकडे लक्ष देऊ नका, हाताकडे बघा.

कुबडं भूत पाण्यात हळूच ताठ झालं. तिने ते बर्फात टाकलं, पुसलं, ओट्यावर उभं केलं.

संध्याकाळी कचरा टाकायला बाहेर आली, तर कुंपणापलीकडे कुणी उंच माणूस पानं गोळा करत होता. दाताळ्यावरून तिने ओळखलं. क्लॅरेन्स योडर. छपरावरून पडल्यापासून हा माणूस कमरेत वाकून, स्वतःच्या बुटांशी बोलत चालायचा.

“काय बघतेस, लोरेटा? पुरुषमाणूस पाहिला नाहीस कधी?”

“तू सरळ उभा आहेस.”

“आहे खरा! दुपारी डुलकी लागली होती. एकदम पाठीवर कुणी किटली ओतावी तसं झालं. बोंबललो नुसता. मग गारेगार. उठलो तर माझं मलाच कळेना, जमीन एवढी खाली कुठे गेली.”

“डॉक्टरला दाखव बाबा.”

“इतकी वर्षं मीच त्याला दाखवतोय. आता त्याने येऊन मला बघावं.”

तो हसत वळला. मान उकडलेल्या बिटासारखी लाल होती. आणि त्या लाल मानेवर, लहानपणी कुत्र्याने तोडलेला त्याचा डावा कान. पाळी नसलेला.

लोरेटा घरात आली आणि बराच वेळ तिने ओट्याकडे पाहिलं नाही. चाळीसेक वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. माप, तापमान, घड्याळ यांवर तिचा विश्वास होता. योगायोगावरही होता.

दुसऱ्या दिवशी क्लॅरेन्स शिडीवर चढून पन्हळीतली पानं काढत होता. लोरेटाने नळ गरम होऊ दिला. खिडकीतून त्याच्याकडे बघत तिने भुताचं फक्त कोपर धारेखाली धरलं.

क्लॅरेन्सने शिडीवरचा एक हात झटकन सोडला. कोपर चोळलं, इकडेतिकडे पाहिलं. गांधीलमाशी शोधत असावा. मग स्वतःशीच हसला.

लोरेटाने नळ बंद केला. भूत पुसलं, हात पुसले आणि एमिलसमोर येऊन बसली. त्याच्या ओघळलेल्या ओठाकडे, आवळलेल्या मुठीकडे बघत राहिली. त्या मुठीतल्या करंगळीला पेर नव्हतं. तरुणपणी कारखान्याच्या दाबयंत्रात गेलं होतं.

“कुठेतरी असशीलच तू,” ती म्हणाली.

सगळे खोके उघडले. भिंग घेऊन एकेक चेहरा पाहिला. काही ओळखीचे निघाले. ते तिने पालथे ठेवले. एमिल त्यांत नव्हता.

तो सापडला चर्चच्या तळघरात, जुन्या वस्तूंच्या बाजारात. कोबीच्या सूपचा वास, घडीची टेबलं आणि शेवटच्या टेबलामागे बर्नाडीन स्लेझॅक. ऑक्टोबरात केस भोपळ्याच्या रंगाचे करायची, कानात प्लास्टिकचे सांगाडे लटकवायची. तीही भुतं जमवायची, पण तिची तऱ्हा वेगळी. प्रत्येक भुताच्या टाळूत ती पितळी हुक पिळून बसवायची आणि वाळक्या फांदीला टांगायची. ‘भुतांचं झाड’. लोरेटाला ते बघवत नसे. भोक पाडलं की वस्तू मेली, असं ती म्हणायची.

बर्नाडीनसमोर चिरूटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात, बटणांच्या गर्दीत, एक वेडंवाकडं भूत. उजवा हात छातीशी चिकटलेला, तोंड एका बाजूला ओघळलेलं, पाय मुडपलेला. लोरेटाने चष्मा पुढे केला. करंगळीला पेर नव्हतं.

“हे काय, असंच टाकलंयस होय?” तिने आवाज सहज ठेवला.

“टाकूनच देणार होते. पण तुझे डोळे बघितले. आता फुकट नाही हो द्यायची.”

“काय हवंय?”

“तुझं कुबडं. सरळ केलंयस म्हणे, एकदम झोकात. मला झाडाच्या शेंड्यावर एक उभा गडी हवाच आहे.”

“दुसरं काहीही माग. दोन तोंडांचं वटवाघूळ घे.”

“वटवाघळं माझ्याकडे पोत्याने आहेत, बाई. कुबडं देत असशील तर बोल. नाहीतर एमिलसाठी सूप घेऊन जा, आज मीठ बरोबर पडलंय.”

लोरेटाने पर्सची मूठ धरून ठेवली. पर्समध्ये ते होतंच; घरी एकटं ठेवायला तिला भीती वाटायची.

“त्याला हुक लावू नकोस,” ती म्हणाली. “दोऱ्याने बांध.”

“दोऱ्याने बांधलेलं पडतं ना गं. हुक टाळूतच लागतो. इतकी वर्षं बघतेस, आज काय नवीन?”

मागच्या टेबलावर कुणीतरी जोरात हसलं. लोरेटाला दाताळं खांद्यावर टाकून उभा राहिलेला क्लॅरेन्स आठवला. मग एमिल आठवला. रोज सकाळी ती त्याची हनुवटी पुसायची, तेव्हा तो नजर दुसरीकडे न्यायचा.

तिने कुबडं काढलं आणि टेबलावर ठेवलं. तोंड पलीकडे करून.

हॅलोविनच्या सकाळी योडरांच्या दाराशी रुग्णवाहिका आली. घाई करत नव्हती. लोरेटाने पडद्याआडून पाहिलं; क्लॅरेन्सची बहीण पायरीवर बसली होती आणि कुणाला तरी सांगत होती, “नाश्ता करत होता हो. डोक्यावर हात मारला आणि म्हणाला, कोण आहे रे वर? बस. एवढंच म्हणाला.”

लोरेटाने पडदा सोडला. दुःखाच्या घरी केक नेऊन द्यायला हवा, असं तिच्या मनात आलं. उद्या नेऊ.

क्लेबर्गमध्ये पोरं दारोदार खाऊ मागायला निघतात ती अग्निशमन दलाचा भोंगा वाजला की, आणि पुन्हा वाजला की घरी जातात. दरवर्षी एमिल पुढच्या दारात बसून खाऊ वाटायचा. यंदाही तिने त्याची खुर्ची उघड्या दाराशी लावली, मांडीवर गोळ्या-चॉकलेटांचं पातेलं ठेवलं. ऊन तिरपं झालं होतं, पानं जाळल्याचा वास येत होता. शेजारी छोट्या टेबलावर तिने वाफाळतं भांडं आणि बर्फाचा वाडगा मांडला. त्याला बरं होताना जवळून बघायचं होतं.

एमिलने चिमट्यातलं भूत पाहिलं. मग भांडं पाहिलं.

“नको,” तो म्हणाला.

“हो रे, कळलं.”

“नको. नको.” चांगल्या हाताने त्याने तिची बाही धरली. घट्ट.

“घाबरू नकोस वेड्या. थोडं पोळेल. क्लॅरेन्सलाही पोळलं होतं.”

तिने त्याची बोटं हळूच सोडवली, थोपटली आणि भूत पाण्यात बुडवलं.

एमिल कण्हला. कपाळापासून खालपर्यंत लाल होत गेला. पण पाण्यातला हात छातीपासून सुटला, आणि खुर्चीतलाही सुटला. बोटं एकेक उघडली. ओघळलेला ओठ वर सरकला, चेहरा दोन्हीकडून सारखा झाला. लोरेटाच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नातल्या फोटोतला एमिल तिच्याकडे बघत होता.

“लोरेटा,” तो स्पष्ट म्हणाला. “बाहेर काढ ते.”

“बोललास! अरे, बोललास तू!”

“लोरेटा, आत्ता काढ.”

तिने पाण्यात पाहिलं. पाय अजून मुडपलेला होता. अर्धवट बाहेर काढायचं नाही.

“एवढा पाय होऊ दे,” ती म्हणाली.

पाय सरळ झाला.

पण रबर थांबलं नाही.

हात सरळ होऊन वर चालला, डोक्याच्याही वर. दुसराही. बोटं आकड्यांसारखी वळली. सरळ झालेलं तोंड उघडू लागलं. उघडतच राहिलं. जबडा छातीला टेकला, डोळे खोबणीतून पुढे आले, गुडघे झेप घेण्याआधी वाकतात तसे वाकले. हे भूत तिने पूर्वी कधी धड पाहिलं नव्हतं. साच्यातून ते कसं निघालं होतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

तिच्या हाताला मात्र काम ठाऊक होतं. पाण्यातून निघालेला चिमटा सरळ बर्फात गेला.

खुर्ची मागे कलंडली, आणि एमिल तिच्यापुढे भुतासारखाच हात उगारून उभा राहिला. पातेलं घरंगळलं.

आणि भोंगा वाजला.

फाटकातून पोरं धावत आली. चादरीतली, मुखवट्यातली, पंख लावलेली. पायरीवरच थबकली. मग एकदम ओरडली.

“आईशप्पथ! ह्यूडॅकआजी, हा कुठून आणलात?”

“आमच्या दारातल्या बाहुल्यापेक्षा भारी आहे!”

“हात लाव की. घाबरला, घाबरला!”

लोरेटा चिमटा आणि भांडं घेऊन स्वयंपाकघरात पळाली होती. पाणी पुन्हा उकळलं. भूत पुन्हा बुडवलं. बोटांनी तिने जबडा दाबला, हात खाली वाकवले, भाजलेल्या बोटांनी आवळून बर्फात धरले. मूठ उघडली, की ते पुन्हा तसंच. हात वर, तोंड उघडं.

दर वेळी ती बुडवायची, आणि दर वेळी बाहेर आनंदाचा कल्ला उठायचा.

“हलला! हलला! परत करा ना आजी!”

ती परत करत होती. पाणी आटलं, तिने दुसरं ठेवलं. बर्फ संपला.

भोंगा पुन्हा वाजला. पावलं पांगली. फाटक करकरलं, कुणीतरी पोर लांबून ओरडलं, “थँक्यू, ह्यूडॅकआजी!”

लोरेटा दाराशी आली. एमिल तसाच होता, हात उगारून. पातेलं रिकामं होतं. जाताना पोरांनी गंमत केली होती. प्रत्येकाने आपल्या पिशवीतलं एकेक त्याला दिलं होतं. गोळ्या, चॉकलेटं, लाह्यांचा एक आख्खा लाडू. उघडं तोंड काठोकाठ भरलं होतं.

सगळ्यात वर लिमलेटची एक गोळी होती. तिचा पिवळा कागद हलकेच फुगत होता आणि बसत होता.