सीताच्या मायची डहाळी

कंदील जरा बारीक करा रे पोट्टेहो. अन् हसायचं असन तं आत्ताच हसून घ्या. आपण बौद्ध माणसं, भूतबीत मानत नाई. मीबी मानत नाई. पण माझी पुतणी कमळा खोटं बोलत नाई, हे मले पक्कं ठाऊक आहे.

पंच्याऐंशीचा जानेवारी. पौषातली अमावस्या. कमळा कुरखेड्याच्या पुढं एका खेड्यात नवीनच मास्तरीण लागली होती. ओळख ना पाळख. शाळा सुटली की खोलीत एकटी. त्या दिवशी शेजारची बायनाबाई दारात उभी राह्यली.

"मास्तरीणबाई, भिंतीसंगं बोलून राह्यली का? चाल नाटकाले. पलीकडच्या गावी वडशाची कंपनी आली आहे. जंगलाची वाट आहे, पण आपण बायांचा घोळका असते."

कमळा चादर घेऊन निघाली. पुढं बॅटरी घेऊन गावातला वजनदार माणूस गुणवंतराव, मागं बाया. बायनाबाईचं तोंड तं सुरूच! कोणाची सून आळशी, कोणाचा नवरा घोरते, गाव सुटेपर्यंत कमळाले सारं कळलं. लय दिवसांनी पोरगी पोट धरून हसली. बाजूले सीता चालत होती, सतरा-अठराची, गुणवंतरावची पुतणी. ती मात्र गप्प.

जंगलात वाटेच्या कडेले वाळक्या-हिरव्या फांद्यांचा ढीग होता. एकेका बाईनं झाडाची डहाळी तोडली अन् त्यावर टाकली.

"हे दसरूचं," बायनाबाई म्हणाली. "वाघानं नेलं त्याले. जाणाऱ्यानं एक हिरवी डहाळी टाकायची."

"मी असलं मानत नाई, बाई."

"नको मानू. टाक मात्र."

कमळानं टाकली. मंग सहज सीताले विचारलं, "तुझी माय नाई आली नाटकाले?"

सीतानं मान खाली घातली. बायनाबाईनं कमळाले असा चिमटा काढला की विचारू नका. मागं ओढून कानात सांगतलं. तीन वर्षांमागं सीताची माय पहाटं मोहफुलं वेचाले गेली ते परत आलीच नाई. हाड नाई, चिंधी नाई. नवरा आधीच वारला होता, गुणवंतराव तिचा दीर. त्यानं गावात सांगतलं, ठेकेदाराच्या माणसासंगं पळाली. मंग तिची बांधी, म्हंजे धानाच्या शेताचा तुकडा, आपल्या शेतात घालून घेतली. तेव्हापासून गावात तिचं कोणी नावबी घेत नाई. अन् पळालेलीच्या पोरीले कोण करते? दोन सोयरिकी मोडल्या. येत्या आठवड्यात तिसरे येऊन राह्यले होते.

नाटक सरलं तेव्हा कोंबडं आरवाले वेळ होता. परतताना कमळाच्या चपलेचा पट्टा तुटला, अन् ती मागं पडली.

"नवी दिसतेस," बाजूनं आवाज आला.

डोक्यावर पदर घेतलेली उंच बाई. घोळक्यातलीच कोणी असन. कमळाले बरं वाटलं. "हो, मास्तरीण आहो. तुमचं नाव?"

"ठमा."

"येताना नाई दिसल्या."

"कोणी पाह्यलंच नाई मले."

दोघी चालत राह्यल्या. बाई पुढं पाहून म्हणाली, "सीता चांगली चालते आता. लहानपणी सारखी पडे."

मोहाच्या मोठ्या झाडाजवळ ती थांबली. "माझं घर इथी येते."

"इथी? जंगलात?"

"इथीच राहते..."

कमळा हसली. मंग हसू थांबलं. घर नाई. दिवा नाई. बाईच्या पायाखाली पाचोळाबी वाजला नव्हता.

"कोणाले... वाघानं नेलं का इथी?"

बाईनं झाडाच्या बुडाकडं पाह्यलं.

"मंग डहाळी काऊन नाई?"

"पळून गेलेलीले कोण डहाळी टाकते, बाई..."

कमळानं वळून पाह्यलं.

कोणी नाई.

बॅटरी दूर जाऊन राह्यली होती. पाय म्हणे, पळ. पण तिचं डोकं तापलं! जीव गेला तो गेला, वरून बदनामी? अन् ती बदनामी या लेकराच्या डोक्यावर? तिनं मोहाची डहाळी मोडली, बुडाशी ठेवली अन् जंगल हलवणारा आवाज काढला.

"ठमाबाई! ही तुमची!"

घोळका जागीच थांबला. बायनाबाई धावत आली. "तुले... तिचं नाव कोणं सांगतलं?"

"तिनंच. ती पळाली नाई. इथी आहे ती."

गुणवंतरावनं बॅटरी थेट कमळाच्या डोळ्यावर मारली. "उचल ते. नाई तं उद्या या गावात दिसू नको."

"नाई उचलत. बदली करायची तं करा, भाऊ. पण आधी हात लावून दाखवा त्या डहाळीले."

त्याचा हात काही पुढं आला नाई.

मंग सीता निघाली. काकाच्या अंगाले अंग घासून पुढं गेली. "माय मेली म्हणून रडूबी देल्लं नाई तुम्ही मले." तिनं डहाळी टाकली अन् तिथीच बसून मोठ्यानं रडली. मागून बायनाबाईनं टाकली. "पाहता काय ग? टाका सगळ्या!" सगळ्यांनी टाकल्या.

पाहुणे आले त्या दिवशी बायनाबाई भर बैठकीत म्हणाली, "पोरीची माय वाघानं नेली. विचारा काकाले." गुणवंतरावनं खाली पाहून "हो" म्हटलं. सोयरीक जमली, लग्न झालं.

पण पाहुणे यायच्या आधी एका पहाटं गुणवंतराव एकटाच तो ढीग उपटून फेकाले गेला होता. रिकाम्या हातानं परतला. काय पाह्यलं, ते बायकोलेबी सांगतलं नाई. दुपारी बाया गेल्या तं ठमाबाईचा ढीग जसाच्या तसा. पण बाजूले, हातभर अंतरावर, एक डहाळी वेगळी ठेवली होती.

कोणं ठेवली? सगळ्या बायांले विचारलं. कोणी नाई.

त्या जागी दुसरं कोणी मेलेलं नाई, अजून तरी. गुणवंतराव जिता आहे, धडधाकट आहे, फक्त त्या वाटेनं जात नाई. अन् ती डहाळी... मी सोता जाऊन पाह्यली मागच्या महिन्यात. इतक्या वर्षांनीबी हिरवीच आहे.