वाऱ्याची बाही

दुकानात शिरताना त्याचं डोकं चौकटीला आपटलं आणि मला हसू आवरेना. हातात केशरी-पांढऱ्या कापडाची लांबलचक, फाटकी नळी.

"विमानतळावरून आलोय... वारा दाखवणारी ही इथेच शिवतात ना?"

"आजोबांपासून इथेच. आम्ही शिंपी, तिला वाऱ्याची बाही म्हणतो. आणि आपण?"

"मी टॉवरमध्ये असतो. विमानांना उतरायला सांगतो."

"अरे वा! विमानं ऐकतात, चौकट तेवढी ऐकत नाही वाटतं."

त्याचे कान लाल झाले. तेवढ्यात बाबांनी मशीन थांबवलं. विमानतळाचा विषय निघाला की बाबांना आवरणं कठीण. आधी नुसतं गवताळ माळरान होतं. विमानाची घरघर ऐकू आली की आजोबा शिवण टाकून गुरं हाकलायला धावायचे. पत्र्याची एक खोली, आत धान्याचा काटा... त्यावर आधी बॅगा तोलायच्या, मग प्रवासी! पुढे डांबरी धावपट्टी झाली, टॉवर झाला, आता काचेची नवी इमारत. "गावानं अंगमेहनतीनं उभा केलाय विमानतळ," बाबा म्हणाले. मी हे शंभरदा ऐकलंय. तो मात्र हनुवटीवर हात ठेवून, पापणी न हलवता ऐकत होता. मला तो तिथेच आवडला.

दहा दिवसांनी तो पुन्हा आला. बाही फाटली होती. मग पुन्हा.

"यंदा वारा भलताच सुटलाय," बाबा म्हणाले.

मी कापड उलटून पाहिलं. वाऱ्यानं फाटलं की टोकाला दोरे सुटतात. हे मधोमध, सरळ रेषेत फाटलं होतं. कात्री! मी मुकाट टाके घातले. बोलले असते तर त्यानं येणंच बंद केलं असतं.

मग एके दिवशी तो उतरल्या तोंडानं आला. "नव्या इमारतीच्या उद्घाटनाला बाही शहरातून तयार येणार आहे. म्हणजे मग... माझं इकडे..."

आजोबांपासून चालत आलेलं काम संपणार आणि हाही यायचा थांबणार. मी हलक्यातलं हलकं कापड काढलं आणि तीन दिवस खपून नवी बाही शिवली. "साहेबांना म्हणावं, दोन्ही लावून बघा," मी त्याला बजावलं.

उद्घाटनाच्या सकाळी तो धावतच आला. धापा टाकत म्हणाला, "दोन काठ्या, दोन बाह्या. वारा अगदी हलका होता. शहरातली नुसती लोंबकळत राहिली. तुमची... तुमची सावकाश उचलली गेली, सरळ झाली! वैमानिकच म्हणाले, हीच ठेवा."

माझे डोळे भरून आले. आजोबांनी बघायला हवं होतं.

"मग आता कात्री ठेवून द्या," मी म्हटलं.

तो पांढराफटक पडला. "तुम्हाला... कळलं होतं? खरी फाटली ती पहिलीच. बाकीच्या शिलकीतल्या जुन्या होत्या, देवाशप्पथ! तुम्हाला बघितल्याशिवाय मला करमत नाही हो. काही न फाडता रोज आलो तर... चालेल?"

"चालेल," मी म्हणाले. तो हसला.

मशीनमागून बाबा खाकरले. "ये हो, खुशाल ये. कात्री लावलेली मलाही दुसऱ्याच खेपेला दिसली होती. फक्त जाताना चौकट सांभाळ."

तो वळला आणि धाडकन आपटला.