बाप्तिस्म्याचा वाडगा

पाळकसाहेब ऑफिसात आले ते उभ्याउभ्याच बोलू लागले.

"चर्चमधला बाप्तिस्म्याचा वाडगा चोरीला गेलाय. चोर कोण, तेही मला ठाऊक आहे. तुम्ही फक्त पुरावा शोधा."

"बसा तर खरं," वहिनी म्हणाल्या.

त्यांना सगळं गावच वहिनी म्हणे. नवरा गेल्यावर त्याचं तपासाचं ऑफिस त्यांनी बंद केलं नाही, उलट नावारूपाला आणलं. त्यांचा धाकटा दीर शेजारी फोटो स्टुडिओ चालवायचा आणि गिऱ्हाईक नसलं की इथे येऊन चहा ढोसायचा. त्याचं डोकं जरा सावकाश चाले, पण आज त्यानेही कान टवकारले. गेल्याच महिन्यात चर्चच्या मंडळीच्या इतिहासाच्या पुस्तकासाठी त्याने त्या चांदीच्या वाडग्याचा फोटो काढला होता.

वाडगा चर्चच्या मागच्या खोलीतल्या कपाटात असे. कुलूप शाबूत होतं. किल्ल्या तिघांकडे: पाळक, ऑर्गन वाजवणारे मास्तर आणि राखणदार.

"राखणदारच," पाळक म्हणाले. "रविवारी शताब्दीची उपासना आहे. तोवर वाडगा आला नाही, तर बायकापोरांसकट चर्चच्या आवारातली खोली सोडायची, असं बजावलंय मी त्याला."

दिराला सोबत घेऊन वहिनींनी आधी चर्चमधलं कपाट पाहिलं. आत प्रभुभोजनाचे दोन चांदीचे प्याले चमकत होते.

"हे वाडग्यापेक्षा जड असतील ना, भावोजी?"

"दुप्पट तरी."

"तुम्ही काढलेला वाडग्याचा फोटो दाखवा बघू."

फोटोत वाडगा होता आणि त्याच्याशेजारी घडी घातलेला पांढरा रुमाल. कपाटात रुमालही नव्हता. वाडग्याच्या नादात तो कुणाच्या लक्षातच आला नव्हता.

राखणदार पायरीवर बसला होता. त्याच्या बायकोने भांडीकुंडी बांधायला घेतली होती.

"चोरायचंच असतं तर प्याले नसते का उचलले?" तो म्हणाला. "पण साहेब ऐकूनच घेत नाहीत. एकट्या पाळकीणबाई बोलल्या माझ्याशी. 'तुला जाऊ देणार नाही' म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. परवा हॉस्पिटलातून आल्या तेव्हाही अशाच रडत होत्या."

"हॉस्पिटलात कशाला?"

"आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायला जातात की. पिशवी घेऊन. नेहमीचंच आहे ते."

मास्तर घरी पलंगावर होते. पाय प्लास्टरमध्ये, किल्ली उशाखाली आणि पोटावर इतिहासाची हस्तलिखित पानं.

"शंभर वर्षांचा इतिहास लिहितोय खरा, पण वाचणार कोण? तरणी पोरं गाव सोडून गेली. कित्येक वर्षांत बाप्तिस्मा नाही. आम्ही म्हातारे मेलो की दाराला कुलूप."

"तो रुमाल कशासाठी असतो?"

"बाप्तिस्म्याचं पाणी घातलं की बाळाचं डोकं टिपायला."

"आणि वाडगा कुठून आला?"

मास्तरांचा चेहरा जरा खुलला. "एका सुईणीचा तो. एक बाळ जाऊ घातलेलं, पाळक काही वेळेवर पोचेना. तिनेच बाप्तिस्मा दिला. त्या घरापासून ही मंडळी सुरू झाली. जिवावर बेतलं तर कुणीही विश्वासणारा देऊ शकतो, पाळकसाहेब स्वतः शिकवतात ना!"

पाळकांच्या घरी त्यांच्या किल्ल्यांचा जुडगा दाराजवळच्या खिळ्याला लटकत होता. पाळकीणबाई खिडकीशी बसून लोकरीचं इवलंसं टोपडं उसवत होत्या.

"एवढं छान विणलंय, उसवताय कशाला?" फोटोग्राफरने हसून विचारलं.

"ज्याच्यासाठी विणलं, त्याला आता नकोय."

पाळकांनी विषय बदलला. भिंतीवर एका चौकटीएवढा रंग उजळ राहिला होता. वहिनी तिकडे पाहताहेत म्हटल्यावर ते म्हणाले, "मुलीचा फोटो होता. तिने मंडळीबाहेर लग्न केलं. तिच्या पोराबाळांना या चर्चचं पाणी लागणार नाही, असं मी सगळ्यांसमोर सांगितलंय."

शनिवारी संध्याकाळी वहिनींनी पाळक, पाळकीणबाई आणि राखणदाराला चर्चमध्ये बोलावलं. रिकाम्या बाकांकडे बघून फोटोग्राफरला फार उदास वाटलं.

"ही चोरी नव्हेच," वहिनी म्हणाल्या. "चोराने जड प्याले सोडले नसते आणि बाळाचं डोकं टिपायचा रुमाल नेला नसता. वाडगा नेला तो बाप्तिस्म्यासाठी. मग चर्चमध्येच का नाही दिला? एकतर बाळाला इथे आणण्यासारखी स्थिती नव्हती, नाहीतर त्याला इथे मज्जाव होता. माझ्या मते दोन्ही."

"किल्ली माझ्याकडेही आहे," राखणदार पुटपुटला.

"आहे. पण तुझी पोरं मोठी झालीत, तुला बाप्तिस्म्यासाठी बाळ कुठलं? मास्तर तर पलंगावरून उठू शकत नाहीत. राहिला तो खिळ्यावरचा जुडगा. त्या घरातून एक बाई पिशवी घेऊन हॉस्पिटलात गेली, रडत परत आली आणि मग बाळाचं टोपडं उसवत बसली."

फोटोग्राफरला आपलं ते हसणं आठवलं. तोंड लपवावं असं त्याला झालं.

"बोलायला हवं होतं मी," पाळकीणबाई राखणदाराला म्हणाल्या. "वाडगा आणून ठेवते नि सांगते, असं रोज ठरवायची. पण माझी लेक हॉस्पिटलात तो उशाशी घेऊन पडलीय. कुणाला हात लावू देत नाही. तिच्याकडून कसा ओढून आणू?"

"बाळ?" पाळकांनी विचारलं.

"मुलगा होता. पाणी दिलं आणि दुपारी गेला."

पाळक बाकाच्या कडेला हात धरून उभे होते. "मला का नाही बोलावलंस?"

"आला असता तुम्ही?"

एक केस उलगडली की वहिनींच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसायचं, ते आज फोटोग्राफरला कुठेच दिसलं नाही. राखणदाराचं घर वाचलं होतं, पण आनंद करावा असं कुणालाच वाटेना.

पाळक बाकावर टेकले आणि म्हणाले, "बाप्तिस्मा देताना नाव घ्यावं लागतं."

"घेतलं."

"काय नाव?"

"तिनेच सांगितलं," पाळकीणबाई म्हणाल्या. "तुमचं."